पोरगं खेळायला जातच नाही? आळशी म्हणण्याआधी हे तपासा

दहा-बारा वर्षांचं पोरगं शाळेतून आलं की मोबाईल घेऊन खाटेवर पडते. खेळायला जा म्हटलं तर "नाही जात" म्हणते. सिंदेवाही असो की कुरखेडा, घरोघरी हीच तक्रार आहे. मोबाईल हिसकला तर दोन दिवस बाहेर जाते, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाटेवर. कारण तिथे नसतेच.

आधी रक्त पाहा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. अंगात रक्त कमी असलं की थोडं धावलं तरी दम लागते, सिकलसेल असेल तर सांधे दुखतात, डोळेही पिवळसर दिसतात. असं पोरगं खेळ टाळणारच, त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी फुकट होते, कधी आणि कुठे ते आशाताईंना विचारा. सिकलसेल निघाला म्हणून खेळ बंद होत नाही. पण दम तुटेपर्यंत धावायचं नाही, भर उन्हात खेळायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि मधे मधे बसायचं. किती खेळायचं ते डॉक्टर सांगतील. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरगं खाते की खिडकीतून फेकते, तेही बघा. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र ती डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

दुसरं कारण वाघ. ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी भागात आईच पोराला बाहेर सोडत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. पहाटे पाचला फिरायला जा, हा शहरातला सल्ला इथे चालत नाही. पहाट आणि सांज ही वाघ फिरण्याची वेळ. शाळा सुटल्यापासून दिवस मावळायच्या आधीपर्यंत, गावातच, शाळेच्या पटांगणात, चार-पाच पोरं मिळून खेळू द्या. नाल्याकडे, झुडपाकडे चेंडू गेला तर राहू द्या. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जाते, तेव्हा चांगलं उजाडल्यावर सकाळी तास-दीड तास पुरे.

तिसरं कारण पोरं सांगत नाहीत, ते म्हणजे लाज. क्रिकेटमध्ये ज्याला कोणी टीममध्ये घेत नाही, जाड म्हणून हसतात, ते पोरगं घरीच बसते. पोरींना तर बारावं लागलं की "आता काय खेळतेस" म्हणून आपणच चुलीजवळ बसवतो. क्रिकेट नको तर लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू, सायकल आहे. रेला नाचणंही व्यायामच आहे. खेळाला लाजणारी पोरगी ढोल वाजला की उठते.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती एकाच वेळी करायची गरज नाही. शाळेत झपझप चालत जाणं, विहिरीवरून पाणी आणणं, सगळं त्यात मोजा. सुरुवातीला दहा मिनिटंच, आणि बाबा किंवा काका सोबत असले तर पोरगं लवकर निघते.

मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्ट चढले. ते पोराला जरूर सांगा, पण "बघ, आणि तू" असं म्हणू नका. त्या पोरांनीही टप्प्याटप्प्याने सराव केला होता.

खेळताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हातपाय खूप ठणकले, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.