गाणारा गळा आणि शल्यवैद्याची सुरी

गळा बसला की आपल्या घरांत ज्येष्ठमध निघतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, आणि बहुधा तेवढ्यावर निभावते. पण ज्यांचा चरितार्थच गळ्यावर चालतो त्यांचे काय? इंग्लंडची पॉप गायिका अ‍ॅडेल २०११ साली कीर्तीच्या शिखरावर होती. वय अवघे तेवीस. त्याच वर्षी तिच्या स्वररज्जूंत रक्तस्राव झाला, अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला, आणि नोव्हेंबरात बॉस्टन येथे डॉ. स्टीव्हन झाइटेल्स यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. पुढे काही आठवडे तिने मौन पाळले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती पुन्हा गायली आणि त्याच रात्री सहा ग्रॅमी पारितोषिके घेऊन गेली.

या यशाने हुरळून जाण्यापूर्वी स्वररज्जू म्हणजे काय ते पाहिलेले बरे. नावात रज्जू असला तरी ती दोरी नव्हे. ओल्या, मऊ पटलांच्या त्या दोन घड्या होत. पाश्चात्त्य वाद्यमेळ ज्या ४४० कंपनांच्या स्वराशी वाद्ये जुळवितो, तो स्वर गायिकेने लावला की या घड्या सेकंदास ४४० वेळा एकमेकींवर आदळतात. कुदळ धरणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडावेत तशा मग येथे गाठी येतात, बहुधा दोन्ही बाजूंस समोरासमोर. त्या पुष्कळदा विश्रांतीने आणि गाण्याची रीत सुधारल्याने मावळतात. सुरी लागतेच असे नाही. आणि सुरीचे खरे भय व्रणाचे. वरच्या नाजूक आवरणाखाली जेलीसारखा थर असतो, त्यावर ते आवरण लहरते. तेथे व्रण राहिला की लहर अडते.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९६५ च्या चित्रपटामुळे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या झालेल्या जूली अँड्र्यूज यांच्या स्वररज्जूंवर १९९७ मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया झाली. त्यांचा गाता गळा परत आला नाही. प्रकरण न्यायालयात गेले, २००० मध्ये तडजोड झाली. तडजोडीने सूर थोडाच मिळतो!

हाती ध्वनिवर्धक असताना या मंडळींना ओरडावे का लागते, याचे आम्हांस नवल वाटे. पण भोवती गोंगाट असला की मनुष्य नकळत आवाज चढवितो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने हे १९११ मध्येच दाखविले होते. त्यात छातीचा भारदस्त आवाज तसाच वर ओढून नेण्याची पॉप गायनातील हौस. उलट ध्वनिवर्धकाविना गाणारे ऑपेराचे गायक ३००० कंपनांच्या आसपास आवाजास अशी धार आणतात की तो वाद्यमेळावर तरून जातो, घशावर जोर न देता. आरशाच्या साह्याने स्वररज्जू पाहण्याची युक्तीही १८५४ मध्ये मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकानेच काढली, वैद्याने नव्हे.

आपल्या घरातील गात्या मुलीचा आवाज तीन-चार आठवडे घोगराच राहिला, तर ज्येष्ठमध बाजूस ठेवून घशाच्या डॉक्टरांकडून तिचे स्वररज्जू तपासून घ्यावेत. तोवर कुजबुजणेही नको, त्यानेही ताण पडतो.

आणि अ‍ॅडेल? २०१७ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दोन रात्री गाऊन झाल्यावर तिच्या स्वररज्जूंना इजा झाल्याचे आढळले. दौऱ्याचे शेवटचे दोन कार्यक्रम तिला रद्द करावे लागले.