चवथीनंतर

गणपतीची चवथ होऊन आठवडा झालाय. गोव्यातल्या वारखंडच्या या घरात गणपतीवर बांधलेल्या माटोळीची चौकट अजून छताला तशीच आहे. नारळ, तोरिंजनं गेली. सुपारीचा एक सुकलेला घोस तेवढा लोंबतोय. उतरवणार कोण? थोरला वेर्ण्याला कारखान्यात, धाकटा कुवेतला. पाच दिवस घर भरलं होतं.

आजी सोप्यावर भिंतीला टेकून बसल्यात. उपकेंद्रातली नर्स दंडाला पट्टा गुंडाळते. प्रेशर वाढलेलंच.

"गोळ्यो घेता मगे?"

"घेतंय गो बाय."

"आनी न्हीद?"

"न्हीद खंयची!"

मन उदास आहे का, असं नर्स एकदाही विचारत नाही. विचारलं की सगळ्यांचंच "बरं आहे". त्यापेक्षा ती स्वयंपाकघरात जाऊन टोपावरचं झाकण उचलते. सकाळची पेज, वर साय धरलेली, बाजूला लोणच्याची फोड न चाखता सुकलेली. नवरा गेल्यापासून चूल दिवसातून एकदाच पेटते. गुडघ्यांनी पेडण्याचा बाजार सोडवला, मोतीबिंदूने टीव्ही. सरकारच्या दयानंद योजनेचे पैसे येतात, ते औषधांत जातात. यातलं एकेक कुणाच्याही घरी सापडेल. सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं तरी शेजारपाजार 'म्हातारपण' म्हणून मोकळा होतो.

नर्स आधी डिचोलीकडे होती. २०१२ मध्ये तिथल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. दारात उभ्या टिपरकडे बघत बसणारे म्हातारे तिने तिथे पाहिलेत. "त्यांना आजारी कोण म्हणतंय? दारू वाढली, एवढंच म्हणायचे," ती सांगते.

अशा उदासीवर उपाय फार लांबचा नाही. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' संस्थेच्या सहकाऱ्यांनी गोव्यातच, नैराश्याची हलकी लक्षणं दिसणाऱ्या साठीपुढच्या १८१ जणांवर अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक भेटले. बोलणं झोपेवर, मधुमेहावर, अडलेल्या कामांवर, सरकारी मदतीवर. वर्षभरात त्यांच्यातल्या ४.४ टक्क्यांना नैराश्याने गाठलं. उरलेल्या निम्म्यांत हेच प्रमाण १४.४ टक्के होतं.

एवढ्यात शेजारीण येते. नर्स तिलाच विचारते, "देवळातल्या भजनाला आजी येतात?"

"कुठल्या! रुसल्यात आमच्यावर."

"कितें म्हणटा ती?" आजी.

नर्स कानाशी वाकून सांगते. आजी उसळतात. "रुसूं कित्याक? आयकूंक येना! टाळ तेवढे कळतात. तुम्ही हसता, ते कशाला हसता तें माका कळना. मग येऊन काय करू?"

नर्स पिशवीतून टॉर्च काढते. उजव्या कानात घट्ट मळ.

"गुरुवारी केंद्रात आणा. आधी कान."

"माझा पोरगा सोडील की स्कूटरवर," शेजारीण आजींच्या कानाशी ओरडते.

"स्कूटर नाका," आजी म्हणतात. "रिक्षा सांग."