वाडा आधी गळतो, मग पडतो



पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाडा होता. इ. स. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. आपल्याकडच्या माणसांनी मुलींसाठी काढलेल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ती एक. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात आज ज्या मुली बसतात, त्यांची वाट या वाड्याच्या दारातूनच आली आहे.

हा वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. आणि गंमत पहा, तो पाडला महापालिकेने, आणि तोही तेथे स्मारक व्हावे म्हणून! तुम्ही म्हणाल, हा काय उलटा न्याय? म्हणून जरा मुळापासून पाहू.

वाडा म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दगडी जोते, सागवानी खांब, वीट-मातीच्या भिंती, मध्ये चौक. अशा घराला दरवर्षी हात लावावा लागतो. मृग लागण्यापूर्वी घर शाकारले नाही तर पाणी आत येते, तुळईत मुरते, मग तिला वाळवी धरते. एक पावसाळा चुकला तर चालून जाते. वीस चुकले, तर घर जाते.

शहरात हे पावसाळे का चुकले? पुण्याच्या वाड्यांत पुढे भाडेकरू आले. महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली. गरिबाला कोणी रस्त्यावर काढू नये म्हणून १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. हेतू चांगलाच होता. परंतु जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले, ते वर्षानुवर्षे जवळजवळ तेथेच राहिले. समजा, एका खोलीचे भाडे दहा रुपये. पुढे गवंड्याची एका दिवसाची मजुरीसुद्धा त्यातून सुटेना. मालक म्हणे, दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझे नाही, मी का खर्च करू? त्यात मालकाच्या घरी वाटण्या झालेल्या. दहा वारसांची सही एका कागदावर येणे कठीण. पुढे १९९९ चा नवा कायदा २००० सालापासून लागू झाला आणि भाडे वर्षाला शेकडा ४ ने वाढवण्याची सोय झाली. तोवर पुष्कळ तुळया कुजून गेल्या होत्या. नदीकाठचे कितीतरी वाडे तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरातच गेले.

आता वाड्यात राहणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. गळके छप्पर, सामाईक संडास, खालून पाणी वाहून न्यायचे. अशा माणसाला बिल्डर नव्या इमारतीत घर देऊ म्हणाला, तर तो नाही का म्हणेल? त्याला इतिहासाची चाड नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भिडेवाड्यातही दुकानदार भाडेकरू होते; त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. खटला दहा वर्षांहून अधिक चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. पण तोपर्यंत वाडा राखण्याच्या पलीकडे गेला होता. जागा मिळाली, वास्तू गेली.

याच शहरातला विश्रामबागवाडा पहा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे सरकारी व नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. त्याचा नक्षीदार लाकडी दर्शनी भाग आजही उभा आहे. कारण साधे आहे. वाडा वापरात राहिला, आणि दुरुस्ती कोणी करायची हे ठरलेले होते.

खाजगी मालकाचे काय? मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंची यादी करून त्यांचे दर्जे ठरवणारे नियम झाले. अशा वास्तूवर जास्त मजले चढवता येत नाहीत, म्हणून तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय ठेवली गेली. तत्त्व योग्य आहे. वारसा सर्वांचा, तर त्याचा भार एकट्या मालकाने किंवा भाडेकरूने का वाहावा?

मंडळी, तुमच्याही गावात जुनी चावडी असेल, बारव असेल, पहिली शाळा भरलेली ओसरी असेल. गुरुजींनी मुलांकडून तिची मापे घ्यावीत, नकाशा काढवावा, म्हाताऱ्यांना विचारून माहिती लिहून ठेवावी. आणि ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा: येत्या पावसाआधी हिची कौले कोण चाळणार? याचे उत्तर ज्या गावाकडे असेल, त्या गावाला पुढे नुसत्या जागेवर स्मारक बांधण्याची पाळी येणार नाही.