इस्ट्रॅडिओलचा आकडा कुठल्या यंत्राचा?

आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू झाली की काही दिवसांच्या अंतराने रक्त तपासलं जातं. सकाळी नमुना, दुपारी रिपोर्ट. इस्ट्रॅडिओलचा आकडा आणि सोनोग्राफी पाहून संध्याकाळचा डोस ठरतो. पक्व होत आलेल्या प्रत्येक फॉलिकलमागे (बीज वाढतं त्या पिशवीमागे) मिलिलिटरला साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम, असा ढोबळ हिशेब असतो.

बहुतेक प्रयोगशाळा हा आकडा इम्युनोअ‍ॅसेने काढतात. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये इन्शुलिन मोजताना ही वाट शोधली; यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. यातला पारखी म्हणजे हार्मोन ओळखणारं प्रतिपिंड.

एलएच, एफएसएच ही हार्मोनं म्हणजे मोठी प्रथिनं. दोन प्रतिपिंडं त्यांना दोन बाजूंनी पकडतात; हार्मोन जास्त, तर संकेतही जास्त. इस्ट्रॅडिओलचा रेणू इतका लहान, की त्यावर एकच प्रतिपिंड बसतं. मग रक्तातलं हार्मोन आणि खूण केलेलं हार्मोन यांच्यात त्याच जागेसाठी स्पर्धा लावतात. यंत्राला मिळणारा संकेत जितका क्षीण, तितकं रक्तात हार्मोन जास्त. पण रचनेने जवळची इतर स्टिरॉइडंही त्या जागेवर बसू शकतात.

केस-नखांसाठी अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात, आणि डॉक्टरांना ते सांगायचं राहून जातं. काही यंत्रांची रचनाच बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या घट्ट बंधावर उभी असते. रक्तात जास्तीचं बायोटिन आलं की संकेत घटतो. परिणामी इस्ट्रॅडिओल खोटं वाढलेलं दिसतं आणि त्याच नळीतलं एलएच खोटं घटलेलं! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

दुसरी पद्धत, मास स्पेक्ट्रोमेट्री, रेणूला त्याच्या वस्तुमानावरून ओळखते, त्यामुळे या गोंधळात सहसा सापडत नाही. मात्र ती महाग आहे, कुशल माणसं मागते, आणि रिपोर्ट संध्याकाळच्या इंजेक्शनआधी हाती येईलच असं नाही. आकडे हजारांत असताना इम्युनोअ‍ॅसे पुरेशी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. खरी अडचण तळाच्या आकड्यांची. स्तनाच्या कर्करोगात बीजं जपून ठेवताना इस्ट्रोजेन घटवणारं लेट्रोझोल दिलं जातं, तेव्हा इस्ट्रॅडिओल नेहमीपेक्षा बरंच खाली असतं. प्रोजेस्टेरॉनही तसंच: ट्रिगरच्या (बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशी ते मिलिलिटरला १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं, तर अनेक केंद्रं भ्रूण गोठवून प्रत्यारोपण पुढे ढकलतात. एका यंत्रावर १.४ आणि दुसऱ्यावर १.६ आलं, तर त्या बाईचा महिना यंत्राच्या फरकावर ठरतो.

म्हणून एका सायकलमधल्या सगळ्या तपासण्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने व्हायला हव्यात. बायोटिन घेत असाल तर नमुन्याआधी सांगा. आणि एककही वाचा: परदेशातल्या रिपोर्टवर पिकोमोल प्रति लिटर असेल, तर आपल्याकडच्या पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरसाठी त्याला ३.६७ ने भागावं लागतं.