सूतमाला आणि सूतांजली

वर्धा जिल्ह्यातील खादीचा विचार निव्वळ वस्त्रापुरता करणे अपुरे ठरते, कारण गांधीजींनी 1936 मध्ये सेवाग्राम येथे वास्तव्य सुरू केल्यानंतर हातसूत, म्हणजे चरख्यावर किंवा टकळीवर काढलेला धागा, येथे समारंभाचेही द्रव्य बनले आणि स्वागतप्रसंगी फुलांऐवजी सूतमाला गळ्यात पडू लागली. याच जिल्ह्यातील पवनार येथे धाम नदीत 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या तारखेला स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करण्याच्या प्रथेस ‘सूतांजली’ म्हणतात. गुंडी म्हणजे 640 तारांची लड. प्रत्येक तार चार फूट. हाताळल्यावर सुतातील जाड-बारीक चढउतार बोटांना जाणवतात, आणि कातणाऱ्याच्या श्रमाची हीच खरी ओळख होय.