डोंगराआडून येणारी हांक

नेरळ स्टेशनावर उतरून पश्चिमेस पाहिलें असतां माथेरानचा डोंगर व त्याच्या शेजारचा पेबचा किल्ला भिंतीसारखे समोर उभे राहतात. पूर्वेस दूरवर सह्याद्रीची मुख्य रांग पसरलेली आहे, आणि मधल्या खोलगट प्रदेशांतून उल्हास नदी वाहते. पश्चिमेच्या या भिंतीपलीकडे, सरळ रेषेंत मोजल्यास पन्नासपंचावन्न किलोमीटरांवर, मुंबईचा समुद्र आहे. त्या समुद्रावर व त्यावरील आकाशांत रात्रंदिवस माणसांचें बोलणें चाललेलें असतें. जहाजाचा कप्तान बंदराशीं बोलतो, वैमानिक विमानतळाशीं बोलतो. हें बोलणें आपल्या अंगणापर्यंत पोंचत असेल काय? पोंचत असल्यास तें पकडतां येईल काय? आणि पकडतां आलें तरी तें पकडणें योग्य होईल काय? या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

प्रथम लहरींची ओळख करून घेऊं. रेडिओच्या लहरी एका सेकंदांत किती वेळां कंप पावतात, यावरून त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र मुंबईस सुरू झालें, तें मध्यम लहरींवर. या लहरी कांहींशें मीटर लांब असतात, आणि त्या जमिनीला बिलगून व उंचवट्यांना वळसा घालून पुढें जातात. व्ही. एच. एफ. या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहरी सेकंदास ३ कोटींपासून ३० कोटींपर्यंत कंप पावतात, म्हणजे त्यांची कंपनसंख्या ३० ते ३०० मेगाहर्ट्झ असते. त्यांची लांबी १० मीटरांपासून १ मीटरापर्यंत असते. आपल्या घरचा एफ. एम. रेडिओ याच वर्गांतला. विमानें सुमारें ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत बोलतात, व जहाजें १५६ ते १६२ च्या पट्ट्यांत. संकटांत सांपडलेल्या जहाजानें हांक मारण्याची जागा १५६.८ मेगाहर्ट्झ ही होय. तिला सोळावी वाहिनी म्हणतात. करमणुकीसाठीं नव्हे, तर कामासाठीं होणाऱ्या अशा प्रक्षेपणांना आपण कामकाजी प्रक्षेपणें म्हणूं. दूरदूरचीं प्रक्षेपणें पकडून त्यांची नोंद ठेवण्याचा छंद जगांत पुष्कळांना आहे.

या लहरींचा स्वभाव प्रकाशासारखा आहे. त्या बहुधा सरळ जातात, आणि डोंगर आड आला कीं त्याच्या मागें त्यांची सांवली पडते. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें सपाट प्रदेशांतही त्यांना क्षितिजाची मर्यादा असते. ती काढण्याची एक सोपी रीत आहे. एरिअलची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें, आणि त्यास ४.१ नें गुणावें. येणारा आंकडा म्हणजे रेडिओच्या क्षितिजाचें किलोमीटरांतील अंतर होय. १० मीटर उंचीच्या छपरावरून हें क्षितिज १३ किलोमीटरांवर येतें. माथेरानची उंची सुमारें ८०० मीटर धरल्यास तेथून तें ११६ किलोमीटरांवर जातें. जहाजाची एरिअल २५ मीटर उंच असेल तर तिचें स्वतःचें क्षितिज २० किलोमीटर. दोहोंची बेरीज १३६. माथेरानच्या पश्चिम कड्यापासून मुंबईचा किनारा सुमारें ५० किलोमीटर दूर आहे. म्हणजे मध्यें दुसरा डोंगर न आल्यास किनाऱ्यापलीकडे सुमारें ८५ किलोमीटरांवरील जहाजाची हांक त्या कड्यावर पोंचावी. १० हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचें क्षितिज तर ४१० किलोमीटरांचें असतें. तीच हांक डोंगराच्या पायथ्याशीं, नेरळच्या बाजारांत, क्षीण होते किंवा मुळींच येत नाहीं. १९०७ सालीं सुरू झालेली आपली लहान गाडी सुमारें २० किलोमीटरांच्या वळणांनीं हा फरक चढून जाते. विद्यार्थ्यांनीं खिशांतला एफ. एम. रेडिओ घेऊन तिच्यांत बसावें, आणि कोणत्या वळणावर मुंबईचें कोणतें केंद्र स्पष्ट होतें हें लिहून ठेवावें. भूमितीचा इतका गोड धडा क्वचितच मिळेल.

परंतु हा नियम कधीं कधीं मोडतो, आणि छांदिष्ट मनुष्य त्या क्षणाचीच वाट पाहत असतो. हिवाळ्याच्या पहांटे आपल्या भातखाचरांवर धुराचा थर आडवा पसरून राहिलेला सर्वांनीं पाहिला असेल. धूर वर कां जात नाहीं? खालची हवा थंड व जड असते, आणि तिच्यावर उबदार हवेचें झांकण बसलेलें असतें. अशा दोन थरांच्या सीमेवर लहरींची वाट वांकते. उन्हाळ्यांत तापलेल्या रस्त्यावर दिसणाऱ्या मृगजळांतही प्रकाश असाच वांकतो. भेद इतकाच कीं, तेथें तो वर वांकतो आणि येथें लहर खालीं वांकते. झांकण मजबूत असलें म्हणजे लहर जमीन व झांकण यांमध्यें, नळांतून पाणी जावें तशी, शेंकडों किलोमीटर निघून जाते.

याचें जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. दुसऱ्या महायुद्धांत मुंबईस दीड मीटर लांबीच्या, म्हणजे २०० मेगाहर्ट्झच्या, लहरींवर चालणारें एक रडार होतें. लहर सोडावयाची आणि ती कशावर तरी आपटून किती वेळानें परत येते हें पाहावयाचें, असें त्याचें काम. पावसाळ्यापूर्वीच्या उष्ण दिवसांत त्यावर अरबस्तानच्या भूमीचे प्रतिध्वनि उमटूं लागले. तें अंतर सुमारें एक हजार मैल व त्याहूनही अधिक! हजार मैल जाऊन परत येण्यास लहरीला सेकंदाच्या शंभराव्या भागाहून किंचित् अधिक वेळ लागतो. समुद्रावरील दमट हवेवर अरबस्तानाकडून येणारी उष्ण व कोरडी हवा पसरते, आणि अरबी समुद्र ओलांडणारा हा अदृश्य नळ तयार होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले कीं हवा ढवळली जाते व नळ मोडतो. म्हणून आपल्या भागांतील श्रोत्यानें एप्रिल व मे महिन्यांतील पहांट वायां दवडूं नये.

दुसऱ्याही वाटा आहेत. सुमारें १०० किलोमीटर उंचीवर विद्युद्भारित हवेचे ढग अवचित जमतात, व एफ. एम. पट्ट्यांतील लहरी त्यांवर आपटून दोन हजार किलोमीटरांपर्यंत जातात. डिसेंबरच्या १३ व १४ तारखांच्या सुमारास मिथुन राशींतून उल्कावर्षाव होतो. जळणाऱ्या उल्केची रेघ क्षणभर आरशासारखी वागते, आणि एरवीं रिकाम्या असलेल्या जागीं दूरच्या केंद्राचा एखादाच शब्द उमटून नाहींसा होतो.

नेरळकरांना मात्र सर्वांत मोकळी वाट वरची आहे, कारण डोंगर बाजूंना आहेत, डोक्यावर नाहींत. सुमारें ८५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे नोआ नामक हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास मेघांचीं चित्रें पाठवीत असत. त्यांपैकीं शेवटचे तीन, नोआ १५, १८ व १९, हे २०२५ सालीं निवृत्त झाले. त्याच पट्ट्यासाठीं रशियानें २०२३ व २०२४ सालीं मेटिऑर मालेंतील दोन उपग्रह सोडले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरूनही १४५.८ मेगाहर्ट्झवर हौशी श्रोत्यांसाठीं अधूनमधून चित्रें पाठविलीं जातात. मुंबईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांनीं बनविलेला 'प्रथम' उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजीं आकाशांत गेला, तेव्हां त्याच्या लहरी पकडण्यासाठीं ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत श्रवणकेंद्रें उभारण्याची योजना होती.

साधनें फार खर्चाचीं नाहींत. दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं संगणकास जोडावयाची एक लहानशी डबी असते; तिचाच सर्वपट्टी रेडिओ करतां येतो, हें २०१२ च्या सुमारास जगभर प्रसिद्ध झालें. १३७ मेगाहर्ट्झसाठीं ५३ सेंटिमीटर लांबीच्या दोन धातूच्या काड्या एकमेकींशीं १२० अंशांचा कोन करून आडव्या बसवाव्या, त्यांचा कोन दक्षिणोत्तर धरावा, आणि मधून तार खालीं आणावी. ही लांबी कोठून आली? १३७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें २१९ सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा ५४ हून किंचित् अधिक, आणि काडींत लहर जराशी आंखडते म्हणून ५३.

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एका एप्रिलच्या पहांटे आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह एफ. एम. रेडिओ घेऊन बसलों होतों. ओळखीच्या दोन केंद्रांमध्यें एक अगदीं अस्पष्ट गाणें ऐकूं आलें. 'अरबस्तान!' असें एकजण ओरडला, व आमच्याही मनांत तेंच आलें. वहींत तसें लिहावयासही घेतलें होतें, परंतु सर्वांत लहान मुलगा म्हणाला, "गुरुजी, नांव तर अजून सांगितलेंच नाहीं." आम्ही थांबलों. कांहीं वेळानें केंद्राचें नांव आलें, तें पुणें! सर्वजण हिरमुसले. पण सह्याद्रीची भिंत ओलांडून पुण्याचा आवाज नेरळच्या अंगणांत आला, हेंही कांहीं थोडें नव्हतें. आणि वहींत खोटें अरबस्तान न लिहितां खरें पुणें लिहिलें गेलें, याचा आनंद आम्हांस अजून वाटतो. या छंदाचा प्राण ती वहीच होय. तारीख, वेळ, कंपनसंख्या, हवेची स्थिति आणि कानांनीं प्रत्यक्ष ऐकलेलें, एवढेंच तींत असावें. कांहीं ऐकूं आलें नाहीं, तर तेंही लिहावें.

तिसरा प्रश्न योग्यायोग्यतेचा. कांहीं देशांत अशा श्रवणास मोकळीक आहे. आपल्याकडे तशी समजूत करून घेऊं नये. १९३३ सालच्या कायद्यानें बिनतारी यंत्रें बाळगण्यास परवाना आवश्यक केला होता, आणि २०२३ सालीं दूरसंचाराचा नवा कायदा संमत झाला. पोलीस, रेल्वे, विमानें व जहाजें यांचे संदेश ज्यांना उद्देशून असतात त्यांचेच होत. दुसऱ्याचें पत्र फोडण्याइतकेंच तें चोरून ऐकणें अयोग्य आहे. विद्यार्थ्यांनीं सर्वांसाठीं प्रक्षेपिलेलीं केंद्रें व हवामानाचीं चित्रें यांवरच समाधान मानावें. पुढें जाण्याची इच्छा असल्यास बारा वर्षांवरील मुलांना सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारी परवाना मिळवितां येतो.

हा वेळेचा अपव्यय तर नव्हे, अशी शंका पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यांस आम्ही दोन प्रसंगांचें स्मरण देतों. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद व त्यांचे सहकारी अंदमानांत गेले होते, ते दूरदूरच्या छांदिष्टांशीं लघुलहरींवर बोलण्याच्या हौसेनें. २६ तारखेस त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्या हौसेच्या यंत्रावरूनच बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीस कळूं लागली. दुसरा प्रसंग घरचा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कित्येक ठिकाणीं फोन मुके झाले, आणि माथेरानच्या गाडीचा मार्ग वाहून गेला. ती पुन्हां सुरू होण्यास २००७ साल उजाडलें. अशा रात्रीं ज्याला ऐकण्याची संवय आहे, ऐकलेलें जसेंच्या तसें लिहिण्याची शिस्त आहे, आणि दुसऱ्याचें बोलणें आपलें नव्हे हा विवेक आहे, तो गांवाच्या उपयोगी पडतो.

डोंगर उंच आहे, हें खरें. पण त्याच्या माथ्यावरून, आकाशांतून व कधीं हवेच्या अदृश्य नळांतून हांका येतच असतात. त्या ऐकण्यापुरती शांतता आपण आपल्या घरांत राखली, म्हणजे झालें.