मोटर बंद होते, प्रवाह थांबत नाही

मागच्या लेखात आपण मॉसफेटने मोटर चालू-बंद करायला आणि एच-ब्रिजने ती उलटी फिरवायला शिकलो. जोडणी बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, मोटरही छान फिरते. आणि मग एक दिवस मॉसफेट शॉर्ट होतो, किंवा मोटर बंद करताच मायक्रोकंट्रोलर आपोआप रीसेट होतो. अशा वेळी बहुतेक जण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. शोधायला हवं मोटरच्या दोन वायरींपाशी.

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत जड चोक असायचा. स्टार्टरमधली पत्ती उघडली की चोकमधून वाहणारा प्रवाह एकदम तुटायचा आणि चोक काही शे व्होल्टचा झटका द्यायचा. त्या झटक्यानेच नळी पेटायची. गाडीच्या इग्निशन कॉइलचं कामही यावरच चालतं. बारा व्होल्टच्या बॅटरीतून स्पार्क प्लगवर हजारो व्होल्ट येतात ते कॉइलचा प्रवाह अचानक तोडल्यामुळे. मोटरच्या आतही कॉइलच आहे. फरक एवढाच, की इथे हा झटका आपल्याला नको आहे.

कॉइलमधून प्रवाह वाहत असतो तेव्हा तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. प्रवाह तोडला तरी ती ऊर्जा कुठेतरी जायला हवी. म्हणून कॉइल तोच प्रवाह त्याच दिशेने चालू ठेवू पाहते आणि त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज स्वतः निर्माण करते. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली या गुणधर्माबद्दल लिहिलं. इंडक्टन्सचं एकक त्यांच्याच नावाचं आहे. हिशेब सोपा आहे: इंडक्टन्स गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. समजा मोटरचा इंडक्टन्स १ मिलिहेन्री आहे, प्रवाह २ अँपिअर आहे आणि मॉसफेटने तो १०० नॅनोसेकंदांत तोडला. उत्तर येतं २०,००० व्होल्ट. प्रत्यक्षात आकडा तिथवर पोहोचत नाही, कारण त्याआधीच मॉसफेट हार मानतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा आयआरएफझेड४४एन ५५ व्होल्टचा आहे. त्यापलीकडे कॉइलची सगळी ऊर्जा त्या चिमुकल्या सिलिकॉनमध्ये उष्णता होऊन उतरते, आणि पीडब्ल्यूएममध्ये, म्हणजे वेग बदलण्यासाठी मॉसफेट भराभर चालू-बंद करताना, हे सेकंदाला हजारो वेळा घडतं.

उपाय म्हणजे प्रवाहाला फिरायला वाट करून देणं. मोटरच्या दोन टोकांवर डायोड उलटा लावायचा: पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. मोटर चालू असताना तो काहीच करत नाही. मॉसफेट बंद झाला की मोटरचा प्रवाह डायोडमधून मोटरमध्येच परत फिरतो आणि झटका पुरवठ्याच्या वर जेमतेम एका व्होल्टवर अडतो. पट्टा चुकून निगेटिव्हकडे लावला, तर मॉसफेट चालू होताच सरळ शॉर्ट सर्किट. सोल्डर करण्याआधी पट्टा पुन्हा एकदा बघा.

आता कुठला डायोड? दुकानदार हातात ठेवतो तो १एन४००७. रिले चालू-बंद करायला तो उत्तम आहे. पीडब्ल्यूएमवर चालणाऱ्या मोटरला मात्र तो मी कधीच सुचवणार नाही. २० किलोहर्ट्झला एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं असतं, आणि या डायोडला वाहणं थांबवायलाच काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात मॉसफेट पुन्हा चालू झालेला असतो. मग प्रत्येक आवर्तनात पुरवठ्याचा प्रवाह मोटरला वगळून डायोड आणि मॉसफेटमधून थेट धावतो आणि दोघेही तापतात. यूएफ४००७ हेच काम ७५ नॅनोसेकंदांत करतो. कमी व्होल्टेजला शॉटकी त्याहून बरा: १एन५८२२ हा ३ अँपिअर, ४० व्होल्टचा. अँपिअरही बघायलाच हवेत, कारण मॉसफेट बंद असतो तेवढा वेळ मोटरचा जवळजवळ पूर्ण प्रवाह डायोडच वाहतो.

एल२९३डी या चिपमध्ये डायोड आतच असतात. एल२९८ मध्ये ते नसतात, आणि तिची डेटाशीट २०० नॅनोसेकंदांच्या आतले डायोड बाहेरून लावायला सांगते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं तिचं लाल मोड्यूल हातात घेऊन बघा: चिपशेजारच्या आठ काळ्या चौकोनी डायोडांवर बहुतेक वेळा ‘एम७’ लिहिलेलं असतं. एम७ म्हणजे १एन४००७ चंच छोटं रूप. दोन-चार रुपये वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर मला पटत नाही. युएलएन२००३ मध्येही डायोड आत आहेत, पण ९ नंबरची पिन रिलेच्या पॉझिटिव्हला जोडली तरच ते कामी येतात. ती पिन मोकळी सोडलेली सर्किटं सतत दिसतात.

एच-ब्रिजमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चारही स्विच बंद केले, की मोटरचा प्रवाह डायोडांमधून पुरवठ्याकडे परत जातो. बॅटरी तो पोटात घेते. ॲडॉप्टर सहसा घेऊ शकत नाही आणि लाइनचं व्होल्टेज चढतं. म्हणून ड्रायव्हरच्या अगदी जवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, आणि त्याला समांतर टीव्हीएस डायोड. १२ व्होल्टच्या लाइनला एसएमबीजे१५ए चालतो. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते, तोवर हा गप्प राहतो, आणि मोठा झटका आला तर २४.४ व्होल्टच्या आसपास त्याला धरतो. एल२९८ ची मर्यादा ४६ व्होल्टची आहे, आयआरएफझेड४४एन ची ५५. दोन्हीकडे पुरेसं अंतर राहतं.